सीव्हीचं परत पान झालंय? कार्बनला दोष देण्याआधी क्लिपचा जबडा उघडून बघा

"ताई, परत पान आलं."

आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू यायचं. सीव्ही म्हणजे सेलचं व्होल्टेज ठरावीक वेगाने वर-खाली फिरवून काढलेला करंटचा आलेख, आणि पान म्हणजे त्याचा बिघडलेला आकार. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या सुपरकॅपॅसिटरचा (पटकन चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या वीजसाठवणीच्या सेलचा) सीव्ही आयताच्या जवळपास यायला हवा. त्याऐवजी पडद्यावर दोन्ही टोकांना निमुळतं, तिरपं, पिंपळपानासारखं काहीतरी उमटतं. जीसीडी, म्हणजे ठरलेल्या करंटने चार्ज-डिस्चार्ज, लावलं तर डिस्चार्ज सुरू होतानाच व्होल्टेज धपकन खाली येतं. आणि वैताग आणणारी गोष्ट म्हणजे हाच सेल सोमवारी छान चालत होता.

हा त्रास आम्ही जवळजवळ दोन वर्षं अधूनमधून भोगला. प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी बदलायचं, आलेख सुधारायचा, आणि "सापडलं!" म्हणून आम्ही चहाला जायचो. तीन आठवड्यांनी पुन्हा पान. खरं कारण हाती लागलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. ज्यांच्याकडे हे दुखणं असंच परत परत उपटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी आमचा सेल सांगते, म्हणजे पुढचे आकडे कळतील. ॲक्टिव्हेटेड कार्बन ८५ टक्के, कार्बन ब्लॅक १०, आणि सगळं बांधून ठेवायला बाइंडर म्हणून पीटीएफई (टेफ्लॉन) ५. थोडं अल्कोहोल घालून कणकेसारखं मळायचं, स्टीलच्या रुळाने पोळीसारखं लाटायचं, आणि १ चौरस सेंटिमीटरच्या चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकती ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ती निकेल फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) दाबायची. अशा दोन चकत्यांच्या मध्ये सेपरेटर म्हणून काचेच्या तंतूंचा फिल्टर पेपर, इलेक्ट्रोलाइट ६ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण), आणि सगळं ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्यांमध्ये स्क्रूने आवळायचं. फोमच्या पट्ट्या वर बाहेर काढलेल्या, त्यांना क्रोकोडाइल क्लिप. व्होल्टेज ० ते १. असे सेल शेकडो प्रयोगशाळांत बनत असतील.

सोमवारी या सेलचा ईएसआर, म्हणजे ओळीतला एकूण रेझिस्टन्स, १.३ ओहम होता, गुरुवारी ८ ओहम.

आता ८ ओहम म्हणजे नक्की किती बिघाड, हे हिशोब केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. कार्बनची क्षमता ग्रॅममागे १६० फॅरड धरा. ५ मिलिग्रॅमची एक चकती ०.८ फॅरड. दोन चकत्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणून सेल ०.४ फॅरड. ८ ओहम गुणिले ०.४ फॅरड म्हणजे आरसी (सेलचा प्रतिसाद-काळ) ३.२ सेकंद. सीव्हीत दिशा बदलली की करंटला पूर्ण वळायला साधारण तीन आरसी लागतात, म्हणजे जवळपास १० सेकंद. सेकंदाला १०० मिलिव्होल्टच्या वेगाने १ व्होल्टचा एक फेरा होतो तोही १० सेकंदांचाच. करंट वळून स्थिर होतोय तोवर उलट फिरायची वेळ. पान होणार नाही तर काय होईल? आणि सेकंदाला १० मिलिव्होल्टवर फेरा १०० सेकंदांचा, त्यामुळे तिथे हाच आजारी सेल बऱ्यापैकी आयत दाखवतो. म्हणूनच "कमी वेगाला ठीक आहे, जास्त वेगाला बिघडतं" असं कोणी म्हणालं की मी आधी ईएसआर विचारते. छिद्रांमध्ये आयन पोचत नाहीत वगैरे चर्चा नंतर.

इथे एक गल्लत फार होते. तिरपा सीव्ही दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत. कोपरे गोलावलेले आणि वेग वाढवला की आजार वाढतो, तर रेझिस्टन्स सेलच्या ओळीत बसलाय. कोपरे टोकदार, पण अख्खा आयतच कलून समांतरभुज झालाय आणि हळू फेऱ्यात जास्त दिसतोय, तर सेल आतून गळतोय. गळक्या सेलला चार्ज व्हायला जितका वेळ लागतो त्याहून बराच कमी वेळ डिस्चार्जला लागतो, आणि करंट जितका कमी ठेवाल तितकी ही तफावत वाढते. आमच्याकडे गळतीची कारणं नेहमी किरकोळच निघाली: चकती पाडताना कडेला राहिलेलं कुसळ, सेपरेटर कापताना कमी पडलेला एखादा मिलिमीटर, किंवा आवळताना सरकलेली चकती. सेपरेटर चकतीपेक्षा चांगला ३-४ मिलिमीटर बाहेर ठेवला की बहुतेक वेळा काम होतं. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटला १.२ व्होल्टपर्यंत ताणायचा मोह आवरला तर उरलंसुरलंही थांबतं. पाणी फुटायची सैद्धांतिक मर्यादा १.२३ व्होल्ट आहे. तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

आमचा आजार पहिल्या प्रकारचा होता. मग ओळीतला हा रेझिस्टन्स नेमका कुठे?

याला ईआयएससारखं, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सेलचा अडथळा मोजण्यासारखं, दुसरं हत्यार नाही. १०० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत, १० मिलिव्होल्टचा हेलकावा. त्याचा नायक्विस्ट आलेख (आडवा अक्ष रेझिस्टन्सचा, उभा कॅपॅसिटरच्या अडथळ्याचा) काढताना दोन्ही अक्षांचं माप सारखं ठेवा. दर वर्षी कोणीतरी ताणलेल्या अक्षांवर अर्धवर्तुळाचं लंबवर्तुळ करून आणतं आणि मग कोन मोजत बसतं. डाव्या टोकाला वक्र जिथे आडव्या अक्षाला भिडतो, तो आकडा म्हणजे तारा, क्लिपा, फोम आणि इलेक्ट्रोलाइट यांची बेरीज. त्यापुढचं छोटं अर्धवर्तुळ कार्बनच्या साध्या सेलमध्ये बहुधा चकती आणि फोम यांच्यातल्या सांध्याचं असतं. त्यापुढचा ४५ अंशांचा तुकडा छिद्रांमधल्या आयनांचा, आणि मग उभी रेघ.

आमच्या गुरुवारच्या सेलमध्ये अर्धवर्तुळ सोमवारइतकंच होतं. ४५ अंशांचा तुकडाही तसाच. अख्खा आलेख उचलून उजवीकडे ठेवल्यासारखा सरकला होता. म्हणजे कार्बन निर्दोष. छिद्रं निर्दोष. चकतीचा सांधाही निर्दोष.

आम्ही संशय घेतला इलेक्ट्रोलाइटवर. केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचं कार्बोनेट होतं, कंडक्टिव्हिटी उतरते, हे सगळ्यांनी वाचलेलं. शिवाय एका मुलीने केओएचच्या गोळ्या १०० टक्के शुद्ध धरून द्रावण बनवलं होतं. बाटलीवर ८५ टक्के लिहिलेलं असतं, बाकी मुख्यतः पाणी. ५०० मिलिलिटर ६ मोलरला १६८ ग्रॅम नाही, १९८ ग्रॅम घ्यावे लागतात. तिचं द्रावण ५.१ मोलरचं झालं होतं. तिला बिचारीला सगळ्यांनी धारेवर धरलं, नवं द्रावण बनवलं, सेल पुन्हा जोडला, आणि ईएसआर १.४ वर आला! प्रकरण मिटलं.

मिटलं नव्हतं. कागदावर दोन ओळींचा हिशोब केला असता तर तेव्हाच कळलं असतं. ६ मोलर केओएचची कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरला ०.६ सीमेन्सच्या आसपास. सेपरेटर पाव मिलिमीटर जाड, क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर ०.०५ ओहमच्याही आत. सेपरेटरमधल्या वेड्यावाकड्या वाटांसाठी तिप्पट-चौपट धरा, तरी ०.२ च्या आत. द्रावण निम्मं खराब झालं तरी त्यातून ७ ओहम येत नाहीत. शिवाय ५ आणि ६ मोलरमध्ये कंडक्टिव्हिटीत फार फरकही नसतो. सुधारणा झाली होती ती सेल नव्याने जोडताना क्लिपा नव्याने लावल्या म्हणून. पण हे कळायला पुढचे सात-आठ महिने जायचे होते.

दुसऱ्या खेपेला पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे हे आलेख काढणाऱ्या यंत्रावर, संशय. ही तपासणी मात्र प्रत्येकाने करावीच. १० ओहमचा साधा रेझिस्टर क्लिपांमध्ये लावा, अधिक-उणे १० मिलिअँपिअर द्या, अधिक-उणे ०.१ व्होल्ट यायला हवं. आमचं बरोबर आलं. मग बाजारातला २.७ व्होल्टचा दंडगोल सुपरकॅपॅसिटर लावला. (पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. मेमरी बॅकअपचं ५.५ व्होल्टचं चपटं बटण आणू नका, त्याचा ईएसआर मुळातच दणदणीत असतो आणि तुम्ही उगाच घाबराल.) त्याचाही आलेख देखणा आला. यंत्र, तारा, क्लिपा सगळ्यांना आम्ही दोषमुक्त केलं.

चूक इथेच झाली. रेझिस्टरची तार कडक आणि कोरडी असते. क्लिपचे दात तिच्यावर घासले जातात, वरचा थर खरवडतो आणि पक्का सांधा जमतो. तीच क्लिप मऊ, ओल्या निकेल फोमला लावली की दात फोममध्ये नुसते रुततात, काही खरवडत नाही. रेझिस्टरवर पास झालेली क्लिप फोमवर नापास होऊ शकते, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

उलगडा झाला तो एका जुन्या युक्तीने. गाडी स्टार्ट होत नसेल तर गॅरेजवाला स्टार्टर मारायला लावतो आणि मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या खांबावर, दुसरी वरच्या टर्मिनलवर टेकवतो. तिथे व्होल्टेज दिसलं की सांधा खराब. आम्ही सेलमधून १० मिलिअँपिअर सोडले आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक सुई क्लिपच्या अंगावर, दुसरी क्लिपच्या सेंटिमीटरभर खाली फोमवर टेकवली. ६० मिलिव्होल्ट! म्हणजे ६ ओहम एका क्लिपच्या तोंडात. दुसऱ्या क्लिपवर ७ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.७ ओहम. ८ मधून दोन्ही वजा करा: १.३. सोमवारचा आकडा जसाच्या तसा.

क्लिप काढून जबडा उघडला तर आत दातांच्या खाचांमध्ये हिरवट-निळी पुटं, त्यावर पांढरी मिठासारखी साय. बाहेरून क्लिप चकचकीत होती. प्लास्टिकचं लाल टोपण मागे सरकवल्याशिवाय काही दिसत नव्हतं.

निकेल फोम म्हणजे धातूची वात आहे, हे एकदा लक्षात घ्या. खाली केओएच, वर क्लिप, मध्ये सच्छिद्र पट्टी. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसं द्रावण चढतं, क्लिपच्या तोंडात जमतं, पाणी उडून जातं, केओएच आणि कार्बोनेट मागे राहतं. क्लिपचा मुलामा दातांपाशी आधीच खरवडलेला, खालचं तांबं उघडं. आणि हे अधूनमधून का होतं तेही उमगलं. नवी क्लिप दोन-तीन आठवडे बरी चालते. मग बिघडते. मग कोणीतरी सेल सोडवून परत जोडतं, त्यात दात जरा घासले जातात, चार दिवस पुन्हा बरं. त्या चार दिवसांत आम्ही जे काही बदललं असेल त्याला श्रेय! जून ते सप्टेंबर त्रास वाढायचा, कारण ही सायदेखील हवेतलं पाणी ओढून ओली राहते आणि गंज जोरात चालतो. आम्ही पावसाळ्याचा दोष कार्बनच्या ओलाव्याला देत होतो.

उपाय स्वस्त आहेत. फोमची पट्टी लांब ठेवा, द्रावणाच्या वर निदान ३-४ सेंटिमीटर. वरचं टोक प्रेसमध्ये दाबून पत्र्यासारखं चपटं करा. आणि मध्ये अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्यात पॅराफिन मेण वितळवून मुरवा. मेण छिद्रं बुजवतं, द्रावणाची वाट बंद होते. निकेलचा सांगाडा मात्र अखंड असतो, त्यामुळे करंटला अडथळा नाही. देवघरातली मेणबत्ती वापरू नका. तिच्यात बरेचदा स्टिअरिक ॲसिड असतं, आणि केओएचशी गाठ पडली की त्याचा साबण होतो. आम्ही केला आहे. फेसही आला. मेण नको असेल तर इपॉक्सी चालतं, पण ते आदल्या दिवशी लावून पूर्ण सुकू द्यावं लागतं. स्पॉट वेल्डिंगची सोय असेल तर फोमला निकेलची पातळ पट्टी वेल्ड करून क्लिप त्या पट्टीवर लावा, हे सगळ्यात उत्तम.

चार तारांचा पोटेन्शिओस्टॅट असेल तर करंटची आणि व्होल्टेज मोजणारी तार एकाच क्लिपवर चढवू नका. व्होल्टेजची तार वेगळ्या क्लिपने थोडी खाली, फोमच्या कोरड्या भागावर लावा. मग वरच्या क्लिपचा सांधा मोजमापात येतच नाही. एक सावधगिरी: यामुळे आलेख सुधारतो, क्लिप सुधारत नाही. त्यामुळे मल्टिमीटरची तपासणी सोडायची नाही.

आता उरलेली कारणं. तुमचा आलेख अख्खा सरकलेला नसून अर्धवर्तुळ फुगलं असेल, तर वरचं सगळं विसरा आणि चकतीच्या सांध्याकडे वळा. सोपी परीक्षा अशी: ॲक्रिलिकचे स्क्रू पाव फेरा आवळा आणि ईआयएस परत घ्या. अर्धवर्तुळ आक्रसलं तर दाब कमी होता. फोम वापरण्याआधी ३ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं धुवायचा असतो, नाहीतर वरचा ऑक्साइड तसाच राहतो. वजन मात्र धुऊन वाळवल्यानंतरच करा. १ चौरस सेंटिमीटर फोमच ३५ मिलिग्रॅमच्या घरात असतो, ॲसिडमध्ये त्याचं थोडं वजन घटतं, आणि तुम्ही धुण्याआधीचं वजन वजा केलंत तर ५ मिलिग्रॅमच्या कार्बनचा हिशोब पार कोसळतो.

पीटीएफईऐवजी पीव्हीडीएफ हा बाइंडर केओएचमध्ये वापरत असाल तर थांबा. तीव्र अल्कलीत तो टिकत नाही, तपकिरी पडत जातो आणि अर्धवर्तुळ आठवड्यागणिक वाढतं. ॲल्युमिनियम फॉइलवर कोटिंग करून केओएचमध्ये बुडवणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको, बुडबुडेच सांगतील. पीटीएफईची अडचण उलटी: जास्त झालं तर चकती भिजत नाही. अशी चकती द्रावणात ठेवून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये हवा काढा. बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात त्या बघण्यासारख्या असतात. मग रात्रभर तशीच मुरू द्या.

ईएसआर काढण्याच्या हिशोबातही एक खड्डा आहे. जीसीडीत चार्जवरून थेट डिस्चार्जवर गेलात तर करंट अधिक १० वरून उणे १० वर जातो, म्हणजे बदल २० मिलिअँपिअरचा. व्होल्टेजची उडी २० ने भागायची, १० ने नाही. ८ ओहमला उडी ०.१६ व्होल्ट येते. मध्ये विश्रांतीची पायरी ठेवली असेल तर मात्र १० ने. आमच्या एका मुलाने वर्षभर ईएसआर दुप्पट लिहिला होता, आणि ईआयएसशी जुळत नाही म्हणून ईआयएसलाच शिव्या घातल्या. यंत्र सेकंदाला एकच बिंदू नोंदवत असेल तर ही उडी वेगळी दिसतच नाही. पहिल्या सेकंदापुरती नोंद १० मिलिसेकंदांवर आणा. कॅपॅसिटन्स काढताना उडी सोडून उरलेलं ०.८४ व्होल्टच घ्या. डिस्चार्ज ३३.६ सेकंद, १० मिलिअँपिअर, ०.८४ व्होल्ट: बरोबर ०.४ फॅरड. १ व्होल्टने भागलंत तर ०.३४ येईल आणि तुम्ही निष्पाप कार्बनला नावं ठेवाल. हे ०.४ फॅरड दोन्ही चकत्यांच्या १० मिलिग्रॅमने भागलं की ग्रॅममागे ४० फॅरड. एका इलेक्ट्रोडचा आकडा हवा असेल तर त्याला ४ ने गुणा. कोणता आकडा देताय ते लिहा. दोन्ही बरोबर आहेत, न लिहिणं चूक आहे.

पावसाळ्यातल्या कार्बनच्या ओलाव्याचं काय, तर तो खराच असतो. ओव्हनमधून काढलेली चकती तराजूवर ठेवली की शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. त्याने वजन चुकतं, ग्रॅममागचे आकडे विखुरतात, ईएसआर मात्र वाढत नाही. चकती सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये थंड करा आणि तराजूवर ठेवल्यापासून ठरावीक सेकंदाला आकडा लिहा, दर वेळी तोच सेकंद.

पोटेन्शिओस्टॅटशेजारी आम्ही आता एक जुनी वही टांगली आहे. सेल जोडला की १० मिलिअँपिअर सोडून दोन्ही क्लिपांवरचे मिलिव्होल्ट तिच्यात लिहायचे. ५ च्या वर गेलं की क्लिप थेट कचऱ्यात, घासून परत वापरायची नाही. डझनभर क्लिपांना जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आमच्या कॅन्टीनमध्ये चौघांचा चहासुद्धा होत नाही. गेल्या ऑगस्टात वहीत एका दिवशी ४१ लिहिलेलं आहे आणि पुढे द्रावणावरून बोलणी खाल्लेल्या त्याच पोरीच्या अक्षरात: "पान यायच्या आधीच बदलली."